लो बीमचा उजेड कमी पडतोय? नवा बल्ब घेण्याआधी हे तपासा

शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याहून निघालेल्या गाड्या वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागेपर्यंत बहुतेक वेळा अंधार झालेला असतो. पुढे नागाव, चौल, रेवदंडा आणि साळावचा पूल ओलांडला की काशीद, मुरूड. वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता, कडेनं चालणारी माणसं, मध्येच बसलेली गुरं. समोरून सतत गाड्या येत असल्यानं हाय बीम फार वेळ ठेवता येत नाही. सगळी भिस्त असते लो बीमवर, म्हणजे आपण ज्याला 'डिपर' म्हणतो त्यावर.

"लाइट लागतात, पण दिसत काही नाही," ही तक्रार इथं नेहमीची. मग ऑनलाइन एखादा झगझगीत एलईडी बल्ब मागवला जातो. पण अनेकदा दोष बल्बचा नसतो. उजेड तयार होत असतो, फक्त तो रस्त्यावर पोहोचत नसतो. तो कुठे अडतो, हे घरच्या घरी बरंचसं तपासता येतं.

किती दूरचं दिसायला हवं?

ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथंच संपतात. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी साधारण २८ मीटर. एकूण ५३ मीटर. हाच हिशोब ताशी ८० ला ८० मीटरच्या पुढे जातो, तर ताशी ४० ला ३० मीटरच्या आत राहतो.

नीट लावलेला लो बीम ढोबळमानानं ५० ते ६० मीटरपर्यंत कामाचा उजेड देतो. म्हणजे सगळं ठीक असतानाही ६० च्या वेगाला हिशोब जेमतेम जुळतो. त्यात उजेड निम्म्यावर आला असेल, तर रस्त्यात बसलेली गाय दिसेल, पण गाडी तिच्याआधी थांबणार नाही.

पहिली तपासणी: फोकस

लो बीमचा झोत मुद्दाम थोडा खाली झुकवलेला असतो. बऱ्याच गाड्यांमध्ये हा उतार सुमारे १ टक्का, म्हणजे १० मीटरमागे १० सेंटीमीटर असतो. काही गाड्यांत हा आकडा हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेलाही असतो.

समजा, दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटर उंच आहे. १ टक्का उतार असेल, तर झोताची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. उतार २ टक्के झाला की तीच कड ३२ मीटरवर येते. बल्ब तोच, वायर तीच, पण पल्ला निम्मा. बंपरला बसलेला धक्का, बदललेला बल्ब नीट न बसणं, खड्ड्यांमुळे सैल झालेली पकड, एवढंही त्याला पुरतं.

तपासायचं कसं?

१. टायरमध्ये योग्य हवा भरा आणि गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करा. एकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा.

२. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर आडवी पट्टी चिकटवा.

३. लो बीम लावा. एका वेळी एकच दिवा बघा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा.

४. उजेडाची सपाट वरची कड पट्टीच्या सुमारे १० सेंटीमीटर खाली हवी.

आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून बऱ्याच हेडलाइटचा झोत डाव्या बाजूला थोडा वर चढतो. पादचारी आणि रस्त्याची कड दिसावी यासाठी ती सोय आहे. तो बिघाड समजू नका.

कड चुकीच्या जागी असेल, तर दिव्यामागच्या स्क्रूनं ती वर-खाली करता येते. हात चालत नसेल, तर बीम टेस्टर असलेल्या गॅरेजमध्ये फोकस सेट करून घ्या.

विसरलेलं बटण

अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ किंवा ४ आकड्यांचं छोटं चाक असतं. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेतलं की गाडीचं नाक वर येतं. झोत समोरच्याच्या डोळ्यांत आणि नारळाच्या झावळ्यांत जातो. अशा वेळी हे चाक फिरवून झोत खाली आणायचा असतो.

गडबड होते ती परतल्यावर. सामान उतरतं, पण चाक ३ वरच राहतं. मग एकट्यानं गाडी चालवताना उजेड पुढच्या काही मीटरवरच पडतो. उजेड कमी वाटला की सगळ्यात आधी हे चाक बघा. खर्च शून्य.

पिवळी पडलेली काच

आजच्या बहुतेक हेडलाइटची 'काच' खरंतर पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो आणि प्लॅस्टिक पिवळट, धुरकट होतं. त्यात वाळूचे बारीक ओरखडे पडतात. असा दिवा प्रकाश अडवतो आणि उरलेला इकडेतिकडे पसरवतो. त्यामुळे तुम्हाला कमी दिसतं आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

यावर उपाय आहे. काच पाणी लावत आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरनं घासायची, पॉलिश करायची आणि शेवटी अतिनील किरण रोखणारा थर द्यायचा. हा शेवटचा थर सोडला, तर काच लवकरच पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टच्या व्हायरल उपायाचं नेमकं हेच होतं: चमक येते, टिकत नाही. आतला चंदेरी रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर मात्र बाहेरून कितीही घासून उपयोग नाही.

खारी हवा आणि हरवलेले व्होल्ट

समुद्रकाठच्या गावांत खिडकीचे गज ज्या खाऱ्या हवेनं गंजतात, तीच हवा गाडीच्या वायरिंगलाही खाते. तांब्याच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो, बॉडीला जोडलेली अर्थ वायर गंजते. वीज पुढे जाताना तिथं अडते आणि बल्बला कमी व्होल्टेज मिळतं.

हॅलोजन बल्ब याबाबत फार नाजूक असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बपाशी १२.४ व्होल्ट असतील, तर जवळपास एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला.

साध्या मल्टिमीटरनं हे कळतं. इंजिन आणि लो बीम चालू ठेवून आधी बॅटरीवर, मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त असेल, तर टर्मिनल, होल्डर आणि अर्थिंग साफ करून घ्या. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. तिथं ऑटो इलेक्ट्रिशियनकडून फ्यूजसह रिले बसवून घेतला, तर बल्बला बॅटरीतून थेट, जाड वायरनं वीज मिळते.

मग एलईडी का नको?

आल्टो, वॅगनआरसारख्या अनेक गाड्यांत एच-४ हॅलोजन बल्ब येतो: लो बीमला ५५ वॉट, हाय बीमला ६०. त्याच्या लो बीमच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती प्रकाशाचा खालचा भाग अडवते, म्हणून झोताला वर स्पष्ट कड मिळते. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या जागेनुसार ठरवलेला असतो. तिथं एलईडीची चिप बसवली आणि ती मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे असली, तरी झोत फुटतो.

गंमत म्हणजे चालवणाऱ्याला ते आवडतं, कारण बॉनेटसमोरचा रस्ता लख्ख दिसतो. पण जवळच्या झगमगाटानं डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि दूरचं आणखी काळं होतं. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांचा पूर्ण दिवाच एलईडीसाठी बनवलेला असतो.

१०० वॉटचे बल्बही टाळा. जादा करंटनं होल्डर वितळतात आणि वायर तापते. बल्ब जुना झाला असेल, तर त्याच वॉटचा चांगल्या कंपनीचा नवा बल्ब घ्या, दोन्ही बाजूंचे एकदम बदला आणि काचेला बोट लावू नका.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की हेडलाइटचा झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस त्यानं दिपता कामा नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पावसात सगळं बरोबर असूनही दिसत नाही, कारण...

कोरडा रस्ता खडबडीत असतो. त्यावर पडलेला थोडा प्रकाश परत आपल्या डोळ्यांकडे येतो. रस्ता ओला झाला की पाण्याचा थर आरशासारखं काम करतो आणि प्रकाश पुढे निघून जातो. म्हणून पहिल्या पावसात 'लाइट मंदावले' असं वाटतं. पट्टे दिसत नाहीत आणि समोरच्या गाडीचा उजेड मात्र रस्त्यावरून थेट डोळ्यांत येतो.

इथं कोणताही बल्ब पूर्ण तोडगा नाही. वायपरचं रबर बदला आणि विंडशील्ड आतूनही पुसा, कारण आतल्या तेलकट थरावर समोरचा उजेड पसरतो. मुख्य म्हणजे वेग ४० च्या आसपास आणा.

थोडक्यात क्रम

आधी चाक, मग काच आणि विंडशील्डची सफाई, मग भिंतीवर फोकस, मग व्होल्टेज आणि शेवटी बल्ब. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना जवळपास काहीच खर्च येत नाही, आणि गणपतीला किंवा मे महिन्यात गावी निघण्याआधीच्या एका संध्याकाळी त्या उरकतात. एवढं करूनही उजेड कमी वाटला, तर स्वतःचे डोळेही एकदा तपासून घ्या.