ख्रिस्तपुराणाच्या दोन संहिता

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये येथेच निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सतराव्या शतकातच आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्हींची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या अभ्यासकाची सारी भिस्त हस्तलिखितांवर.

जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन संहिता प्रसिद्ध केली. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी पोथी उजेडात आणली. तरीही शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती साल्ढानांच्याच पाठावर उभी आहे.

रोमन संहितेत जेथे लॅटिन-पोर्तुगीज धर्मसंज्ञा, तेथे मार्सडेन पोथीत पुष्कळदा संस्कृत शब्द येतात. मग कवीचे शब्द कोणते? देवनागरी पाठ मूळचा, असे काही विद्वान मानतात. हे मत आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना फार सुखावते, आणि म्हणूनच मी त्याविषयी साशंक असतो. देशी लिपीत ग्रंथ छापावा, ही इच्छा स्टीफन्सनी १६०८ च्या पत्रात व्यक्त केली होती खरी. पण लिपीची इच्छा वेगळी, शब्दांची निवड वेगळी. परक्या संज्ञा काढून संस्कृत शब्द घालणारा हात उत्तरकालीन लेखकाचाही असू शकेल.

तेव्हा स्टीफन्सच्या शब्दकळेवर लिहिणाऱ्याने प्रत्येक ओवीपुढे तिची संहिता नोंदवावी. माझ्या प्रबंधात मी ती नोंदविली नव्हती. त्या ओव्या आता पुन्हा ताडून पाहतो आहे.