मुंबईच्या कोटांतील स्थलनामें व इमारती

मुंबईविषयींच्या जुन्या मराठी लिखाणांत ‘कोट’ हा शब्द आढळला म्हणजे त्याचा अर्थ काळ पाहूनच करावा लागतो. तट उभा होता तोंवर कोट म्हणजे तटबंदीच्या आंतील नगर. पुढें तेंच शहराच्या एका व्यापारी भागाचें नांव होऊन राहिलें. इ. स. १८६२ मध्यें गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत तट पाडण्यांत आला. गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, तें याच संधिकालाचें होय.

कोटास जमिनीच्या बाजूनें अपोलो, चर्च व बाजार असे तीन दरवाजे होते. पैकीं चर्च गेट हें नांव आंतील सेंट थॉमस देवालयावरून पडलें. तें देवालय १७१८ सालीं उघडलें. दरवाजा गेल्यावर त्या जागीं १८६४ मध्यें फ्लोरा कारंजें उभें राहिलें व नांव मात्र बरेंच पश्चिमेकडील रेल्वेस्थानकास लागलें. तेव्हां स्थानकावरून दरवाजाची जागा ठरविणारा अभ्यासक कोटाबाहेरील मैदानहि तटाच्या आंत ओढील! कारंज्याच्या परिसरास पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील हुतात्म्यांवरून हुतात्मा चौक हें नांव मिळालें.

एल्फिन्स्टन सर्कलचा प्रकार याच्या उलट आहे. तेथें पूर्वीं ‘बॉम्बे ग्रीन’ हें मोकळें मैदान असून कापसाचे गठ्ठे पडत. पोलीस कमिशनर चार्लस फोर्जेट यांच्या कल्पनेवरून तेथें वर्तुळाकार उपवन व त्याभोंवतीं व्यापारी पेढ्यांच्या इमारती योजिल्या गेल्या. या इमारतींचे दर्शनी भाग एका मेळाचे असून खालीं कमानींची पडवी आहे. तींतून पावसाळ्यांतहि कोरडें चालतां येतें. पूर्वेस १८३३ मधील टाउन हॉल असून त्यांत एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह आहे. इमारती टिकल्या, परंतु स्वातंत्र्यानंतर त्या स्थळास, १९१९ मध्यें सरकारनें हद्दपार केलेले पत्रकार बी. जी. हॉर्निमन यांचें नांव देण्यांत आलें.

सारांश, नुसत्या नांवावर किंवा नुसत्या इमारतीवर विसंबून स्थलनिर्णय करूं नये. संग्राहकांनीं कागदांतील नांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें व शेजारीं कागदाचें साल आणि आजचें स्थान लिहावें. १९९५ च्या नियमावलीनें मुंबईंतील जुन्या वास्तूंस संरक्षण दिलें आहे. जुन्या नांवांस मात्र आपल्या टिपणांवांचून दुसरा आधार नाहीं.