हेलसिंकी ते टोकियो : आकाशातली बंद वाट

पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून धरली तर हेलसिंकी आणि टोकियो यांच्यात सुमारे ७,८०० किलोमीटर भरतात, आणि त्यातली बहुतेक दोरी रशियावर पडते. आजच्या जेटला या अंतरासाठी साडेनऊ तास पुरतात. तरीही उत्तर युरोपातून जपान गाठायला १९५७मध्ये ३२ तास लागत, १९८३मध्ये १३, पुढे साडेनऊ, आणि २०२२पासून पुन्हा १३. यंत्रं सुधारली तसा प्रवास आटत गेला, ही नेहमीची मांडणी इथे अपुरी पडते. या वाटेवरचा वेळ मुख्यतः खालच्या देशाच्या परवानगीने ठरला.

शीतयुद्धाच्या बऱ्याच काळात सायबेरियाचं आकाश पाश्चात्त्य विमानांना जवळजवळ बंद होतं. म्हणून स्कँडिनेव्हियाच्या एसएएस विमानकंपनीने फेब्रुवारी १९५७मध्ये कोपनहेगन–टोकियो सेवा ध्रुवप्रदेशावरून, अलास्कातल्या अँकरेजमार्गे सुरू केली. त्या आडबाजूच्या गावाचं भाग्य उजळलं; इंधन भरेपर्यंत तिथे उदोन नूडल्स खाल्लेल्या जपानी प्रवाशांची एक अख्खी पिढी आहे. पण वाट निर्धोक नव्हती. एप्रिल १९७८मध्ये पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन विमान दिशा चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाच्या माऱ्यात दोन प्रवासी दगावले आणि विमान गोठलेल्या तळ्यावर उतरवावं लागलं. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेलं दुसरं कोरियन विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडलं. २६९ माणसं गेली. बंद आकाशाची किंमत सांगताना तास आणि इंधन मोजलं जातं. हे मृत्यूही त्याच हिशेबात धरायला हवेत.

परवानगीनेच वेळ ठरला, यावर आक्षेप येईल की १९५७च्या पिस्टन इंजिनाच्या विमानांना एवढा पल्ला न थांबता झेपलाच नसता. ते खरं आहे, पण फार काळ खरं राहिलं नाही. १९६७मध्ये सोव्हिएत एरोफ्लोत आणि जपान एअरलाइन्स यांच्या संयुक्त सेवेतलं तुपोलेव्ह-११४ टोकियोहून थेट मॉस्कोला जाऊ लागलं, ते सायबेरियावरूनच. विमान सोव्हिएत होतं, म्हणून वाट खुली होती. फिनलंडच्या फिनएअरने एप्रिल १९८३मध्ये जादा टाक्या बसवलेलं डीसी-१० हेलसिंकीहून ध्रुव आणि बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून विनाथांबा टोकियोला नेलं. एवढा वळसा पेलणाऱ्या विमानाला सरळ रेघ सहज झेपली असती. वाऱ्याचा मुद्दाही उरतोच: पूर्वेकडे जाताना उंचावरचे वारे साथ देतात, परतताना अडवतात. पण एरवी त्याने तासाभराचा फरक पडतो, तीन-चार तासांचा नाही.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर आकाश अधिक मोकळं झालं, तेही फुकट नाही. युरोपीय कंपन्या सायबेरियावरून जाण्यासाठी रशियाला दरवर्षी मोठी रक्कम मोजत राहिल्या. फिनएअरने तर आशियाची सर्वांत जवळची वाट म्हणून हेलसिंकीवर आपला बराचसा धंदा उभारला. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं, युरोपने रशियन विमानांना दारं लावली, आणि रशियाने उलट ३६ देशांच्या विमानकंपन्यांना. डीसी-१०पेक्षा कितीतरी काटकसरी एअरबस ए३५० हाती असूनही फिनएअरला पुन्हा ध्रुव गाठावा लागला. चिनी कंपन्यांना बंदी नव्हती. त्यांची लंडन–बीजिंग विमानं रशियावरूनच उडत राहिली. त्याच दोन शहरांमध्ये वळशाने उडणाऱ्या ब्रिटिश एअरवेजने ऑक्टोबर २०२४मध्ये आपली सेवा थांबवली.