साठी बुद्धी नाठी? ऑगस्ट तर ५१ चीच होती!

आमच्या वसमतकडं विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना एकच शिक्का: साठी बुद्धी नाठी. आजी जेवून उठली की परत ताट मागायची, तेव्हा आमच्या घरातही हेच.

पण १९०१ साली फ्रँकफर्टच्या दवाखान्यात आलेली ऑगस्ट डेटर ५१ वर्षांचीच होती. स्वतःचं नावही तिला धड लिहिता येईना. ती गेल्यावर डॉ. अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला आणि १९०६ मध्ये हा आजार जगापुढं मांडला. भारतात एआरडीएसआय ही संघटना उभी राहायला १९९२ उजाडलं, तेही केरळात. मराठीत डॉ. मोहन आगाशेंचा 'अस्तु' आहे, आईला घेऊन बघाच.

आता मोबाईलवर 'स्मृतिभ्रंश' टाका, पावडर विकणारे आधी हजर! 'मुळापासून बरा करतो' म्हणणाऱ्याला सरळ पुढं सरकवा. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. मात्र बी-१२ किंवा थायरॉईडमुळंही विसर पडतो, त्यावर उपचार आहेत. म्हणून आधी डॉक्टर. मनावर ताण आला तर टेली-मानसचा १४४१६ आहे, २०२२ पासून, फुकट, मराठीतही. तो आजीला सांभाळणाऱ्या आईसाठीसुद्धा आहे. रात्र रात्र तीच जागते ना?