खिडकीमागून खिडकी

बँकेत चिकटलेल्या माणसाला तीन गोष्टी निवडता येत नाहीत. बदलीचं गाव, वरचा साहेब आणि टेबलावरच्या संगणकाची सिस्टीम. पैकी गाव मला वेळापूर मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. साहेब दर तीन वर्षांनी बदलतो, त्यामुळे आशेला जागा राहते. उरली सिस्टीम. ती कोण ठरवतं, हे वीस वर्षांच्या नोकरीत मला कळलेलं नाही. कॉमर्सच्या पदवीधराने इतिहास सांगू नये असा काही नियम नाही, म्हणून हा इतिहास सांगतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, तर यंत्र आणि माणूस यांच्यामधला मुकादम. काम यंत्राचं, घाम आपला, पण मुकादमाशी जमलं नाही तर दिवस वाया. हा मुकादम बँकेत एकदम शिरला नाही. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या युनियन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला. पुढच्याच वर्षी डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. त्याच १९८४ साली कामगार संघटना 'संगणकविरोधी वर्ष' पाळत होत्या. मग लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता आला आणि विरोध जरा मऊ झाला. भत्त्याने मऊ होत नाही असा विरोध मी तरी पाहिलेला नाही.

बँकांनी त्या काळात पसंती दिली ती युनिक्सला. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली ती सुरू केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वेळापूरचा पीककर्जवाला खातेदार असण्याचं काही कारण नव्हतं. तरी ती आमच्यापर्यंत आली. पुढे केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी बँकांना बजावलं, १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणा. आता पंढरपूरच्या वाटेवरच्या गावात विठ्ठलाचा शब्द कोण मोडणार?

मी २००५ साली लागलो तेव्हा आमच्या काउंटरवर काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं होती. शेजारच्या खुर्चीवर अण्णा. आमचे हेड कॅशियर. एके काळी मोर्चात 'संगणक हटाव' ओरडलेले हे गृहस्थ त्या हिरव्या अक्षरांवर असे बसत, की डावा हात व्हाउचर उलटतोय आणि उजवा हात आकड्यांच्या बटणांवर पळतोय. मान वर नाही, बोलणं बंद नाही. कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की दारापर्यंत रांग लागे आणि अण्णा ती जेवणाच्या सुट्टीआधी संपवत. "आधी मलाबी लई राग यायचा तिचा," ते म्हणत. "आता बोटांना कळतंय, मला नाही कळलं तरी चालतं."

२००७ साली सगळ्या शाखा एका तारेत बांधल्या गेल्या आणि आमच्याकडे विंडोज एक्सपी आली. पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि निळं आभाळ. माळशिरस तालुक्यात इतकं हिरवं फक्त उसात दिसतं, त्यामुळे खातेदार खूश झाले. अण्णा नाही. बोटांचं राज्य गेलं आणि उंदराचं आलं. तो कॅलेंडरवर सरके, टेबलाच्या कडेवरून खाली पडे. एका दुपारी बाण हरवला म्हणून अण्णांनी उंदीर उचलून पडद्याला टेकवला. मी हसलो. रांगेतले दोघे हसले. "म्हाताऱ्याला बसवा की मागं," कोणीतरी म्हणालं.

अण्णा काही बोलले नाहीत. महिन्याभराने त्यांनी काउंटर सोडून मागचं टपालाचं टेबल मागून घेतलं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. व्हाउचर उलटणारा तो डावा हात पाकिटांना डिंक लावताना मी तीन वर्षं पाहिला.

एक्सपीशी माझं मात्र जमलं. इतकं जमलं, की ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली तेव्हा घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटलं. बँकांनाही ती सोडवेना. देशातली कितीतरी एटीएम तिच्यावरच चालत राहिली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला या निवृत्त बाईसाठीसुद्धा दुरुस्ती पाठवावी लागली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने हुकूम काढला, जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळी एटीएम देखभाल असलेल्या सिस्टीमवर न्या. हुकूम योग्यच होता. कुलूप जुनं झालं की चोराला किल्ली सापडते. पण योग्य गोष्टीचाही राग येतोच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहाची नियमित देखभाल संपली आणि आमच्या टेबलावर अकरा आली. तीस वर्षं डाव्या कोपऱ्यात सुखाने नांदलेलं स्टार्टचं बटण मधोमध येऊन बसलंय. माझा हात सवयीने कोपऱ्यात जातो आणि तिथे भलतंच काहीतरी उघडतं. परवा रांग लागली असताना असंच झालं. शेजारची नवी मुलगी उठली, माझ्यामागून हात घालून दोन बटणं दाबली आणि हळूच म्हणाली, "काका, सेटिंगमधून परत डावीकडं आणता येतं." ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी अर्धनारीनटेश्वराच्या देवळात जाऊन बसलो. हेमाडपंती बांधणी, रामदेवराव यादवांच्या काळातले शिलालेख. हेमाडपंत म्हणजे यादवांच्या दफ्तराचा प्रमुख, आम्हा कारकुनांचा मूळपुरुष. मोडी लिपी त्यानेच आणली असं परंपरा सांगते, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. पण कोणी का आणेना, हात न उचलता भराभर लिहायची ती सिस्टीम शेकडो वर्षं कारकुनांच्या बोटांत राहिली. मग छापखाने आले, बाळबोध अक्षरं आली आणि मोडी मागच्या टेबलावर गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तिचे हजारो रुमाल आहेत आणि ते वाचणारे थोडे.

तिथूनच अण्णांच्या घरी गेलो. पंचाहत्तरीचे झालेत. त्या दुपारी हसलो होतो त्याबद्दल बोलायचं मनात होतं, पण अठरा वर्षांनी सुरुवात कशी करायची ते सुचेना. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "नवीन आलंय म्हणं. कसं हाय?"

"भिकार आहे, अण्णा."

"हां. थांब दोन वर्षं. आवडंल."

"आणि मग?"

अण्णांनी चहाची कपबशी पुढे सरकवली. "मग काय. तेबी काढून नेतील. च्या घे, गार होतोय."