गड न्हाणण्यापासून गाजर गवतापर्यंत : हुकूम कुणाचा, हात कुणाचे?

मंडळी, आपण आत्ता पन्हाळ्यावर बसलो आहोत. वर येताना रस्त्याच्या कडेला बारीक पांढऱ्या फुलांचं झुडूप दिसलं असेल. ते गाजर गवत, म्हणजेच आपलं काँग्रेस गवत. पीएल ४८० च्या अमेरिकन गव्हातून ते आलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

आधी तारखा बघू. पुण्यात हे गवत १९५५ साली दिसलं आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. भारताचा पीएल ४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे त्या करारातला गहू येण्याआधी गवत हजर होतं! आता, अमेरिकन गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, तेव्हा गव्हाला अगदीच निर्दोष सोडता येत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. दोषी सापडला की निम्मं काम झालं, असं आपल्याला वाटतं. गवत मात्र तिथंच असतं.

याच गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. त्यांच्या नावावर असलेलं १७१५ चं आज्ञापत्र आपण राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचतो. त्यात झाडाझुडपांचाही विचार आहे. गडाखालची झाडी राखावी, वाढवावी, कारण तिचा शत्रूला अडथळा होतो. तटात उगवलेलं झाड मात्र वरचेवर काढावं, गवत जाळावं, कारण मुळं दगड फोडतात आणि गवत आडोसा देतं. या कामाला तिथं ‘गड न्हाणणे’ म्हटलं आहे. आणि आरमाराला लाकूड हवं म्हणून रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये; अगदी जीर्ण झाड घ्यायचं तर धन्याला राजी करून, मोल देऊन.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून आम्हाला यात व्याख्या दिसते. झाड मुळात चांगलं किंवा वाईट नाही. ते कुठं आहे आणि कुणाचं काय बिघडवतं, त्यावरून नियम ठरतो. आणि नियमासोबत माणूस ठरतो. तट सांभाळायला गडावर नेमलेली माणसं होती. ‘वरचेवर’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. ते एकदा करून मिटणारं काम नव्हतं.

आता आपल्या काळात या. कर्नाटकानं १९७५ साली, १९६८ च्या पीक कीड-रोग कायद्याखाली, गाजर गवताला उपद्रवी तण जाहीर केलं. अशा कायद्यांची रीत साधी असते : ज्याची जमीन, त्यानं तण काढायचं. ऐकायला न्याय्य आहे. पण एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या वाऱ्यानं, पाण्यानं, गाड्यांच्या चाकांनी फिरतात. शेतकऱ्यानं बांध साफ केला आणि शेजारचा सरकारी रस्ता, गायरान तसंच राहिलं, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. २०२२ च्या वन्यजीव दुरुस्ती कायद्यानं ‘आक्रमक परकी प्रजाती’ची व्याख्या केली, त्यांची आयात, व्यापार आणि प्रसार रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला. चांगलं पाऊल आहे. पण उपटायचं कुणी, हा प्रश्न उरतोच.

विद्यार्थी असताना आम्हीही एका श्रमदानात हे गवत उपटलं होतं. वरून आदेश आला, म्हणून गेलो. हातमोजे नव्हते. फुलं येऊन बी धरलेलं होतं. उपटलेले ढीग आम्ही ओढ्याकाठी टाकले. आठवडाभर हात खाजत होते, आणि पुढच्या वर्षी ओढ्याच्या दोन्ही काठांनी गवत माजलं! आदेश पाळला गेला होता, अहवालही गेला असेल. फुलं येण्याआधी उपटा, एवढं एक वाक्य त्या आदेशात नव्हतं.

२०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. आनंदच आहे. पण उतरताना तीन दरवाजापाशी थांबून तटाकडं बघा. एखाद्या सांध्यातून रोप डोकावत असेल, तर यादी ते काढणार नाही. त्यासाठी दरवर्षी, वेळेवर, कामाचा मोबदला मिळणारे हात लागतात. ते हात नेमणं हे राज्याचं काम, हे इथं तीनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.