डेटाबेस सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमधील पर्याय आणि मराठी नोंदी : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

वाशीम येथे १९३९ मध्ये उपलब्ध झालेला वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्ती याचा ताम्रपट हे विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. वत्सगुल्म, म्हणजेच आजचे वाशीम, येथून दिलेल्या या दानपत्रात वंशावळीचा भाग संस्कृतात असून प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात आहे. दान दिलेल्या गावास कोणकोणत्या करांतून व त्रासांतून मुक्तता आहे, याची यादीही त्याच पत्र्यांवर कोरलेली आहे. नोंद आणि नोंदीच्या अटी एकाच धातूवर, एकाच हाताने कोरल्या गेल्या. म्हणूनच दीड सहस्रकानंतरही अभ्यासकांना ती नोंद वाचता आली.

संगणकातील नोंदीची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे अक्षरे अंकांच्या रूपाने एका ठिकाणी साठविली जातात. ते अंक कोणत्या लिपीचे समजावेत, किती लांबीपर्यंत स्वीकारावेत व न बसणाऱ्या मजकुराचे काय करावे, हे मात्र बहुतांशी दुसरीकडे, काही ओळींच्या एका साध्या फाइलमध्ये ठरते. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. या फाइलीतील पर्यायांचा इतिहास तांत्रिक पुस्तकांत विखुरलेला आढळतो. परंतु मराठी नोंदींच्या अंगाने त्याचा विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः 'मायएसक्यूएल' या सर्व्हरच्या आधारे तो केला आहे.

फाँटचा काळ

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. 'नवा' म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा वस्तुतः पुनर्स्थापित म्हणावा लागेल, कारण इंग्रजी अमलात वऱ्हाड प्रांतात 'बासीम' नावाचा स्वतंत्र जिल्हा होता व १९०५ च्या फेररचनेत तो संपुष्टात आला. जिल्हा पुन्हा निर्माण झाला तो कालखंड महाराष्ट्रात कार्यालयीन मराठीच्या संगणकीकरणाचा होता. जमिनीच्या अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातील ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत विदर्भातील वर्धा जिल्हा होता. पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे संगणकावर मराठी उमटू लागली होती आणि भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले होते.

तथापि दैनंदिन व्यवहारात चालली ती फाँटची मराठी. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले हे फाँट असत. पडद्यावर मराठी दिसे. साठविले जाई ते मात्र रोमन चिन्हांचेच क्रमांक. या गोष्टीचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. डेटाबेस सर्व्हरला या मजकुरात मराठी असे काही दिसतच नव्हते. त्यामुळे पश्चिम युरोपीय भाषांसाठी ठरविलेली त्याची पूर्वनिर्धारित मांडणी मराठीला आड आली नाही आणि कॉन्फिगरेशन फाइल उघडून पाहण्याचे कारणही कोणास पडले नाही. अडचण निर्माण झाली ती मराठी खऱ्या अर्थाने मराठी म्हणून, म्हणजे युनिकोडमध्ये, लिहिली जाऊ लागल्यावर.

स्वीडनचा क्रम आणि विदर्भातील गावे

'मायएसक्यूएल'ची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये तयार झाली. मायकेल विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क व ॲलन लार्सन हे तिचे संस्थापक आणि त्यांची कंपनी स्वीडनमधील. साहजिकच सर्व्हरची पूर्वनिर्धारित अक्षरसंहिता 'लॅटिन१' आणि वर्णक्रम स्वीडिश ठेवला गेला. त्या क्रमात स्वीडिश भाषेची तीन विशेष अक्षरे झेडनंतर येतात. सॉफ्टवेअर विनामूल्य असल्याने जगभर पसरले व त्याच्याबरोबर हा क्रमही पसरला. ज्याने फाइलीत हात घातला नाही, त्याच्या नोंदी विदर्भात असोत वा व्हिएतनाममध्ये, स्वीडिश नियमांखाली राहिल्या. पूर्वनिर्धारित मूल्य हे तटस्थ असते असा एक समज आहे. वस्तुतः तो कोणीतरी, कोठेतरी, स्वतःच्या सोयीने घेतलेला निर्णय असतो. हा क्रम २०१८ पर्यंत टिकला. त्या वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीने प्रथमच 'यूटीएफ८एमबी४' ही संहिता पूर्वनिर्धारित केली.

युनिकोडच्या 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. 'वाशीम' या शब्दात अशी ५ चिन्हे असून त्याला १५ बाइट लागतात. सर्व्हर 'लॅटिन१'वर ठेवलेला असेल तर त्याच्या लेखी ती १५ अक्षरे ठरतात. आता गावाच्या नावासाठी २० अक्षरांचा रकाना ठेवला आहे असे समजू. वाशीम व रिसोड १५ बाइटांत बसतात. कारंजा व मानोरा १८ मध्ये. मालेगावला २१ लागतात, म्हणून शेवटचा 'व' गळतो. मंगरूळपीरला २७ लागतात. पहिली ६ चिन्हे पूर्ण बसतात, सातव्याचे दोन तुकडे उरतात, आणि रकान्यात राहते ते 'मंगरूळ' व त्यापुढे एक निरर्थक खूण. मंगरूळ नावाची इतर गावे विदर्भात आहेत. अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ दस्तगीर हे त्यांपैकीच. म्हणजे नोंद नुसती तुटत नाही, ती दुसऱ्या गावाची होऊन बसते. जुन्या आवृत्त्यांत सर्व्हर याविषयी केवळ सूचना नोंदवून पुढे जात असे. अशी नोंद नाकारून चूक दाखविणारा 'एसक्यूएल मोड'चा कडक प्रकार २०१५ च्या ५.७ आवृत्तीत पूर्वनिर्धारित झाला. त्यापूर्वी तो फाइलीत मुद्दाम लिहावा लागे.

दोन चुका आणि त्यांतील फरक

२००४ मध्ये ४.१ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. तिने 'यूटीएफ८' संहिता आणली आणि रकान्याची लांबी बाइटांऐवजी अक्षरांत मोजण्यास सुरुवात केली. सर्व्हर, डेटाबेस, तक्ता व रकाना अशा चार पातळ्यांवर संहिता ठरविण्याची सोयही झाली. तेथपासून मराठी मजकुरात दोन प्रकारच्या चुका दिसू लागल्या. त्या वरवर सारख्या भासतात, पण त्यांतील एक दुरुस्त होते व दुसरी होत नाही.

पहिल्या प्रकारात मराठीचे बाइट जसेच्या तसे 'लॅटिन१' रकान्यात जातात. लिहिणारा व वाचणारा दोघेही तीच चूक करीत असल्याने पडद्यावर मजकूर शुद्ध दिसतो. क्रमही बव्हंशी बरोबर लागतो. आवृत्ती बदलताना किंवा नोंदी दुसऱ्या यंत्रावर नेताना सर्व्हर आपल्या समजुतीप्रमाणे त्यांचे रूपांतर करतो आणि मराठीच्या जागी शिरावर तिरपी रेघ असलेले रोमन 'ए' व चलनाची खूण यांच्या रांगा उमटतात. हे दृश्य भयंकर वाटले तरी मूळ बाइट शाबूत असतात. रकाना आधी निव्वळ बाइटांचा करून मग 'यूटीएफ८' घोषित केला की अक्षरे परत येतात.

दुसऱ्या प्रकारात जोडणी करणारा प्रोग्राम 'मी यूटीएफ८ बोलतो' असे प्रामाणिकपणे सांगतो. सर्व्हर मजकूर 'लॅटिन१'मध्ये बदलू पाहतो, तेथे देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह ठेवतो. 'वाशीम'ची पाच प्रश्नचिन्हे होतात, 'रिसोड'चीही पाचच. कोणते कोणाचे हे सांगण्यास यंत्रात काहीही उरत नाही. शेतकऱ्याचे नाव, पुस्तकाचे शीर्षक, विद्यार्थिनीच्या आईचे नाव यांपैकी जे या वाटेने गेले, ते कागदावरून पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नसते. कागद नसेल तर तेही नाही.

फाइल शोधणे

यावरचा उपाय एका ओळीचा आहे असे सांगितले जाते व ते खरेही आहे. परंतु ती ओळ कोणत्या फाइलीत लिहावी हाच प्रश्न अनेकदा अवघड ठरला. लिनक्सवर सर्व्हर 'माय.सीएनएफ' ही फाइल एका जागी शोधत नाही. आधी 'ईटीसी' निर्देशिकेत, मग तिच्यातील 'मायएसक्यूएल' उपनिर्देशिकेत, पुढे आणखी ठिकाणी, असा ठरलेला क्रम असतो. सापडेल ती प्रत्येक फाइल वाचली जाते आणि एकच पर्याय दोनदा आढळल्यास नंतरचे मूल्य चालते. विंडोजवर हीच फाइल 'माय.आयएनआय' या नावानेही असते. परिणामी एखाद्याने पहिल्या फाइलीत केलेली दुरुस्ती दुसरीतील जुन्या ओळीने पुसली जाते व करणारा आपल्या डोळ्यांना दोष देत बसतो. लिनक्सवर फाइल कोणालाही लिहिता येईल अशी मोकळी ठेवली, तर सर्व्हर तिच्याकडे सुरक्षेसाठी दुर्लक्ष करतो, हाही एक नेहमीचा चकवा आहे. सर्व्हर प्रोग्रामला 'व्हर्बोज' व 'हेल्प' हे दोन शब्द देऊन चालविले असता तो वाचत असलेल्या फाइलींची यादी क्रमाने सांगतो. 'शो व्हेरिएबल्स' ही आज्ञा चालू मूल्ये दाखविते. अंदाज बांधण्यापेक्षा हे दोन प्रश्न आधी विचारणे केव्हाही बरे.

फाइलीच्या आतही विभाग असतात. चौकटी कंसातील 'मायएसक्यूएलडी' या शीर्षकाखालील ओळी सर्व्हरसाठी, तर 'क्लायंट'खालील ओळी जोडणाऱ्या प्रोग्रामसाठी. 'डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट' हा पर्याय पूर्वी दोन्हीकडे चाले. पुढे सर्व्हरच्या विभागात त्याची जागा 'कॅरेक्टर-सेट-सर्व्हर'ने घेतली आणि ५.५ आवृत्तीत जुने नाव काढून टाकण्यात आले. जुनी ओळ तशीच राहिलेल्या ठिकाणी नवी आवृत्ती बसविताच सर्व्हर सुरू होण्यासच नकार देई. ही कठोरता एका अर्थी उपकारकच, कारण न सांगता चुकीच्या संहितेत चालत राहण्यापेक्षा थांबणे चांगले. याउलट 'इनिट-कनेक्ट' या पर्यायाचे वर्तन फसवे आहे. प्रत्येक जोडणीस 'सेट नेम्स' आज्ञा आपोआप द्यावी म्हणून तो वापरीत. मात्र सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यास तो लागू होत नाही. त्यामुळे व्यवस्थापकास एक दिसे आणि कारकुनास दुसरे.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. फाइलीतील बदल पुढे निर्माण होणाऱ्या डेटाबेसना लागू होतो. पूर्वीचे तक्ते आपली जुनी संहिता सोडत नाहीत. 'पोस्टग्रेएसक्यूएल'मध्ये तर डेटाबेसची संहिता फाइलीत नसतेच, ती निर्मितीच्या वेळी कायमची ठरते. ही पद्धत अधिक ताठर खरी, पण तिच्यामुळे विसंगतीस वाव कमी राहतो.

ग्रंथालये, शोध आणि मोडी

भारतीय महाविद्यालयांत या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आला तो ग्रंथालयांचा. 'इन्फ्लिबनेट'च्या 'सोल' प्रणालीची २.० आवृत्ती २००९ मध्ये युनिकोडसह आली व तिला 'मायएसक्यूएल'चाही आधार घेता येऊ लागला. न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० मध्ये वापरात आलेली 'कोहा' ही मुक्त प्रणालीही त्यावरच चालते. वाशीम जिल्ह्यापुरते बोलायचे तर कारंजा येथील जैन ग्रंथभांडारे विद्वानांना सुपरिचित आहेत. मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांची सूची १९२६ मध्ये छापली गेली. अशी सूची उद्या संगणकावर आली तर शीर्षकांचा शोध 'एफटी-मिन-वर्ड-लेन' या पर्यायावर अवलंबून राहील. 'मायआयसॅम' तक्त्यांसाठी त्याचे पूर्वनिर्धारित मूल्य ४ आहे. इंग्रजीत त्यामुळे क्षुल्लक शब्द गळतात. मराठीत 'सन', 'शक', 'गट', 'कर' हे इतिहासाच्या व महसुलाच्या दृष्टीने कळीचे शब्द दोनच चिन्हांचे असल्याने शोधातून बाद होतात. मूल्य कमी करून भागत नाही, निर्देशांक पुन्हा बांधावा लागतो. 'वाशीम' आणि 'वाशिम' ही दोन्ही लेखने मात्र कोणताही पर्याय एक मानत नाही. तो निवाडा माणसानेच करावयाचा.

राहिला प्रश्न मोडीचा. भोसलेकालीन व पेशवेकालीन मराठी दप्तर मोडीत आहे. या लिपीस युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत स्थान मिळाले. पण तिच्या प्रत्येक चिन्हास ३ नव्हे, ४ बाइट लागतात. 'मायएसक्यूएल'ची मूळ 'यूटीएफ८' संहिता ३ बाइटांपुरतीच होती व पूर्ण रूप २०१० मध्ये 'यूटीएफ८एमबी४' या वेगळ्या नावाने आले. देवनागरी व्यवस्थित चालते म्हणून ज्या यंत्रांवर जुनीच ओळ राहिली, तेथे कडक मोड नसल्यास मोडीतील शीर्षक पहिल्या चिन्हापाशीच तुटते. नोंद स्वीकारली जाते, तिला क्रमांकही मिळतो, आणि शीर्षकाचा रकाना रिकामा राहतो.